पेल्यातले लिंबू, सोडा आणि कडू साल

उन्हाळ्यात दिवसभराची काहिली ओसरली की संध्याकाळी अंगणात किंवा गच्चीवर बसून काहीतरी गार प्यावेसे वाटते. आपल्याकडे बहुतेक घरांत अशा वेळी लिंबू-सोडा होतो. ज्या घरांत मद्य चालते तेथे त्याच पेल्यात जिन नावाची दारू आणि साध्या सोड्याऐवजी कडवट चवीचे टॉनिक वॉटर असते. 'जिन आणि टॉनिक' या नावाने हे मिश्रण जगभर ओळखले जाते. कृती अगदी सोपी: एक भाग जिन, दोन-तीन भाग टॉनिक वॉटर, लिंबाची फोड आणि बर्फ.

दारूचा भाग आपण बाजूला ठेवू. मग पेल्यात चवीच्या तीन गोष्टी उरतात. लिंबाचा आंबटपणा, सोड्याची चुरचुर आणि टॉनिकचा कडवटपणा. गंमत अशी की या तिन्ही गोष्टींना युरोपीय लोकांनी मोठे महत्त्व दिले ते औषध म्हणून. त्यांतले एक औषध खरे होते. एक साफ खोटे होते. आणि एक खरे असले, तरी पेल्यातल्या मात्रेने काही होण्यासारखे नव्हते. ती लागू का पडतात याची जी कारणे त्या काळी दिली जात, ती मात्र तिन्ही बाबतींत चुकीची होती. औषध खरे असेल तर कारण चुकले म्हणून काय बिघडते, असे कोणी विचारील. काय बिघडते ते लिंबाच्या गोष्टीत पाहू.

पाचांचे पेय

मिश्र पेयांचा इतिहास सांगताना सुरुवात आपल्या किनाऱ्यावरूनच करावी लागते. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत येथे होता. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्यातल्या नेरूळ येथे उत्तम दारू गाळतात आणि तिच्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पंच' नावाचे पेय बनवतात, असे त्यात आहे. हा शब्द येथल्या भाषेतल्या पाच या आकड्यावरून आला, कारण त्यात पाच जिन्नस असतात, असेही तो सांगतो. हे पाच जिन्नस साधारणपणे दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला असे सांगितले जातात. शब्दाच्या या व्युत्पत्तीबद्दल सर्व अभ्यासकांचे एकमत नाही. पण सतराव्या शतकात पंच भारतातून इंग्लंडात पोचला आणि तेथे लोकप्रिय झाला, हे खरे.

या पाचांत लिंबू होते, ते चवीसाठी. मात्र पंच पिणारे हे खलाशी ज्या रोगाने समुद्रावर मरत होते, त्याचे औषध त्याच पेल्यात पिळले जात होते.

खरे औषध: लिंबू

स्कर्व्ही हा त्या काळच्या लांब सफरींचा शाप होता. हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई, दात हलू लागत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि शेवटी माणूस जाई. वास्को द गामा १४९८ मध्ये आफ्रिकेहून मोसमी वाऱ्यांच्या जोरावर अवघ्या २३ दिवसांत अरबी समुद्र ओलांडून आला. परत जाताना त्याने वाऱ्यांचा हंगाम पाहिला नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघून तोच समुद्र ओलांडायला त्याला सुमारे तीन महिने लागले, आणि या रोगाने त्याची माणसे पटापट मेली. अठराव्या शतकातही चित्र बदलले नव्हते. १७४० ते १७४४ या काळात जॉर्ज अ‍ॅन्सनच्या पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या सुमारे १९०० जणांपैकी १४०० च्या आसपास मेले. शत्रूच्या तोफांनी मेलेले त्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

येथे नावांचा एक घोळ मिटवून घेऊ. युरोपातले लेमन म्हणजे जाड सालीचे, मोठे, पिवळे फळ. आपले कागदी लिंबू म्हणजे इंग्रजीतले लाइम. मराठीत दोन्हींना सर्रास लिंबू म्हणतात, पण या लेखात ती वेगळी ठेवू. पुढची गोष्ट या फरकावरच फिरते.

लेमनच्या रसाने स्कर्व्ही टळतो हे अनुभवाने पुष्कळांना माहीत होते. १६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीवर निघालेल्या जेम्स लँकेस्टरने आपल्या जहाजावरच्या माणसांना रोज सकाळी तीन चमचे लेमनचा रस दिला. त्याची माणसे बरीच धडधाकट राहिली. बरोबरच्या इतर तीन जहाजांवर मात्र इतकी माणसे आजारी पडली की शिडे हाताळायलाही हात अपुरे पडले. इतका ढळढळीत अनुभव असूनही आरमाराने तो नियम म्हणून स्वीकारला नाही.

पुढे १७४७ च्या मे महिन्यात 'सॅलिस्बरी' या जहाजावरचा वैद्य जेम्स लिंड याने बारा रोगी निवडले. सर्वांची लक्षणे शक्य तितकी सारखी, जागा एकच आणि जेवण एकच. त्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला त्याने वेगळे औषध दिले: सफरचंदाची आंबवलेली दारू, पातळ केलेले गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचे पाणी, लसूण-मोहरी वगैरेंचे चाटण, आणि शेवटच्या जोडीला रोज दोन संत्री व एक लेमन. फळे सहा दिवसांतच संपली. तरीही तेवढ्यात या जोडीतला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला, आणि दुसऱ्याला इतर रोग्यांची शुश्रूषा करायला नेमण्यात आले.

नियंत्रित प्रयोगाचे हे उदाहरण आपण वर्गात नेहमी देतो. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. आपल्याला काय सापडले आहे हे खुद्द लिंडलाही नीट कळले नव्हते. अंगाचा घाम नीट बाहेर न पडल्याने हा रोग होतो अशी त्याची समजूत होती. १७५३ साली त्याने लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात या प्रयोगाला जेमतेम काही पाने मिळाली. ताजी फळे जहाजावर टिकत नाहीत म्हणून त्याने रस मंद आचेवर आटवून त्याचा पाक करून ठेवण्याची शिफारस केली. पण तापवल्याने आणि साठवल्याने नेमका उपयोगी पदार्थच नष्ट होत होता. साहजिकच तो पाक फारसा लागू पडला नाही. लेमनचा रस ब्रिटिश आरमारात सरसकट दिला जाऊ लागला तो १७९५ पासून, म्हणजे लिंडच्या प्रयोगानंतर ४८ वर्षांनी.

हा रस खलाशांना बहुधा रोजच्या 'ग्रॉग'मध्ये, म्हणजे पाणी घातलेल्या रम दारूमध्ये, मिसळून दिला जाई. ग्रॉगची पद्धत अ‍ॅडमिरल व्हर्नन याने १७४० मध्ये पाडली होती, ती दारूबाजीला आळा घालण्यासाठी. औषध दारूच्या पेल्यात शिरले ते असे.

खोटे औषध: सोडा

रस टिकत नाही, फळे नासतात. मग स्कर्व्हीवर दुसरे काही निघेल का, असा शोध चालूच होता. १७५० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅकने दाखवले होते की चुनखडीत एक वायू बद्ध असतो आणि आम्ल घातले की तो सुटतो. या 'बद्ध हवे'लाच आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. मांस सडतानाही ही हवा निघते, असे डेव्हिड मॅकब्राइड या आयरिश डॉक्टरला दिसले. त्याने तर्क केला: बद्ध हवा निघून गेल्यामुळेच शरीर सडते. स्कर्व्हीत माणूस जिवंतपणी सडतो. तेव्हा ही हवा परत पोटात घातली तर रोग बरा होईल.

तर्क सुसंगत होता. फक्त खरा नव्हता.

१७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली इंग्लंडमधल्या लीड्स गावी धर्मोपदेशक होता आणि त्याच्या घराशेजारी बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या पिपांवर या जड वायूचा थर साचलेला असे. त्या थरात धरून प्रीस्टलीने एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात असे वरचेवर ओतले. थोड्याच वेळात पाण्याला नैसर्गिक झऱ्यांच्या खनिज पाण्यासारखी चुरचुरीत चव आली. मग कारखान्याची गरज राहू नये म्हणून त्याने खडूवर गंधकाम्ल ओतून वायू तयार केला आणि तो पाण्यात मिसळण्याची कृती १७७२ मध्ये एका पुस्तिकेत छापली. पुस्तिका आरमाराच्या प्रमुखाला अर्पण केलेली होती, कारण प्रीस्टलीच्या डोळ्यांपुढे स्कर्व्हीचे रोगी होते. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले.

सोड्याने स्कर्व्हीचा एकही रोगी बरा होणे शक्य नव्हते. पण पाणी चवीला छान होते! जिनिव्हातला घड्याळजी योहान याकोब श्वेप याने १७८३ मध्ये ते बाटल्यांत भरून विकायचा धंदा काढला आणि १७९२ मध्ये तो लंडनला आला. सुरुवातीला हे पाणी औषधी म्हणूनच विकले जाई. त्यात पुष्कळदा सोडियमचे क्षार घालत, म्हणून त्याला सोडा वॉटर हे नाव पडले. आज आपल्या साध्या सोड्यात सोडा असतोच असे नाही, नाव मात्र चिकटून राहिले.

बाटलीतला वायू टिकवायचा कसा, हा प्रश्न पुढची शंभर वर्षे सतावत होता. बूच वाळले की वायू निसटे. १८७० च्या सुमारास हायरम कॉड या इंग्रजाने बाटलीच्या गळ्यातच काचेची गोटी बसवली. बाटली उलटी धरून भरायची. सुलटी करताच आतल्या वायूचा दाब गोटीला वर ढकलून रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो. जो निसटू पाहतो त्याच्याच जोरावर दार बंद! ही बाटली तिच्या मायदेशातून केव्हाच नाहीशी झाली, पण आपल्याकडचा गोटी सोडा अजून फुटतो.

खरे पण अपुरे: कडू साल

आता टॉनिकचा कडूपणा. तो येतो क्विनीनमुळे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात वाढणाऱ्या सिंकोना झाडाच्या सालीने हिवताप उतरतो, हे युरोपला सतराव्या शतकाच्या मध्याला जेझुइट पाद्र्यांकडून कळले. त्या काळी हिवतापाचे कारण दलदलीतली दूषित हवा असे समजत. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. कारण चुकीचे, पण साल खरी होती. अडचण एकच: एका झाडाची साल गुणकारी तर दुसऱ्याची निरुपयोगी. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी सालीतून क्विनीन वेगळे केले, तेव्हा कुठे औषध तोलून देणे शक्य झाले.

मग या झाडासाठी धावाधाव सुरू झाली. १८६० मध्ये क्लेमंट्स मार्कमच्या मोहिमेने रोपे व बिया मिळवून त्या भारतात आणल्या. निलगिरीत आणि पुढे दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाच्या बागा उभ्या राहिल्या. सर्वांत गुणी बी मात्र मानुएल इंक्रा मामानी या बोलिव्हियातल्या आदिवासी जाणकाराने १८६५ मध्ये चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यासाठी जमवले. त्यातले थोडे बी डच सरकारने घेतले आणि जावा बेटावर लावले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगातले बहुतेक क्विनीन जावातून येई. मामानीच्या वाट्याला काय आले? पुन्हा बी जमवताना तो पकडला गेला. त्याला तुरुंगात मारहाण झाली आणि त्यातच त्याचा अंत झाला. बाटलीवर त्याचे नाव कधीच आले नाही.

लंडनमध्ये एरॅस्मस बाँड याने १८५८ मध्ये क्विनीनयुक्त सोड्याचे, म्हणजे टॉनिक वॉटरचे, पेटंट घेतले. भारतातल्या गोऱ्या सैनिकांनी क्विनीनचा कडूपणा मारण्यासाठी त्यात जिन मिसळली आणि हे पेय जन्मले, अशी कथा सर्वत्र सांगतात. परंतु या मिश्रणाचा जो जुना छापील उल्लेख दाखवला जातो, तो १८६८ मधल्या येथल्या एका इंग्रजी क्रीडामासिकातला आहे, आणि त्याचा संदर्भ आजारपणाचा नसून घोड्यांच्या शर्यतीचा आहे. म्हणजे तोवर हे औषध करमणुकीच्या पेल्यात पोचले होते.

मुलांकडून एक हिशेब करून घेता येईल. अमेरिकेच्या नियमानुसार टॉनिक वॉटरमध्ये एका लिटरला जास्तीत जास्त सुमारे ८३ मिलिग्रॅम क्विनीन चालते. हिवतापाच्या उपचारात प्रौढ रोग्याला क्विनीन देत ते साधारण ६०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. म्हणजे दिवसाला १८०० मिलिग्रॅम. तेवढे क्विनीन टॉनिकमधून मिळवायचे तर रोज जवळपास २२ लिटर प्यावे लागेल! तेव्हा टॉनिक वॉटर हे हिवतापाचे औषध नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

क्विनीनच्या बाबतीत कारण उशिरा का होईना, सापडले. हिवतापाचे जंतू रक्तात लाव्हराँने १८८० मध्ये पाहिले. ते डासाच्या पोटात रोनाल्ड रॉसला १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दिसले. त्यानंतर डासांशी लढता आले, आणि क्विनीनची जागा घेणारी नवी औषधे जंतूंवर पारखून घेता आली.

खरे औषध हरवते

आता पुन्हा लिंबाकडे. १७९५ नंतर काही वर्षांतच ब्रिटिश आरमारात स्कर्व्ही दुर्मिळ झाला. लेमन रोग हटवतो हे सिद्ध झाले होते. का हटवतो, याचे सर्वमान्य उत्तर होते: तो आंबट आहे म्हणून. गुण आम्लाचा.

हे उत्तर मान्य केले तर पुढची पायरी अगदी शहाणपणाची वाटते. लेमन भूमध्य समुद्राकाठच्या प्रदेशांतून विकत आणावे लागत. वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश मळ्यांत लाइम मुबलक पिकत होते, आणि ते लेमनहूनही आंबट. म्हणून १८६० च्या सुमारास आरमाराने लेमन सोडून लाइमचा रस घेतला. १८६७ मध्ये व्यापारी जहाजांवरही लाइमचा रस सक्तीचा झाला. त्याच वर्षी लॉक्लन रोझ याने दारू न घालता साखरेने रस टिकवण्याचे पेटंट घेतले. ते गोड सरबत पुढे कित्येक मिश्र पेयांत गेले.

बदल झाला, आणि कोणाला काही जाणवले नाही. कारण वाफेच्या जहाजांनी सफरीच इतक्या लहान केल्या होत्या की स्कर्व्ही व्हायला वेळच मिळत नसे. निष्प्रभ औषधाची परीक्षाच होत नव्हती. ती झाली १८७५-७६ मध्ये, जॉर्ज नेअर्सच्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत. हिवाळाभर माणसांना नेमाने लाइमचा रस दिला होता. तरीही वसंतात स्लेजगाड्या ओढायला निघालेली माणसे एकामागून एक कोसळू लागली. सुमारे १२० जणांपैकी जवळजवळ निम्म्यांना स्कर्व्ही झाला. चौकशी समितीने ठपका ठेवला तो स्लेजच्या प्रवासात रस बरोबर न नेल्याचा. रसातच काही उणे असेल अशी शंका फारशी कोणी घेतली नाही. पुढे तर उलटेच झाले. लिंबूवर्गातल्या फळांवरचाच विश्वास उडत गेला आणि स्कर्व्ही डब्यातल्या नासक्या मांसाच्या विषाने होतो, असे अनेक जाणते डॉक्टर म्हणू लागले. लँकेस्टरला १६०१ मध्ये जे कळले होते ते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर विसरले जात होते.

कोडे सुटू लागले ते १९०७ मध्ये, तेही थोडे नशिबाने. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक हे दुसऱ्याच एका रोगासाठी गिनिपिगांवर आहाराचे प्रयोग करत होते, आणि त्या प्राण्यांना स्कर्व्ही झाला. बहुतेक सस्तन प्राणी जीवनसत्त्व 'क' शरीरातच बनवतात. माणसाप्रमाणे गिनिपिगाला ते जमत नाही. आता कोणत्याही रसाची ताकद प्राण्यावर मोजता येऊ लागली. १९१८ मध्ये लंडनला हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी दाखवले की ताज्या लाइमच्या रसाची ताकद लेमनच्या रसाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकी असते, आणि साठवलेला लाइमचा रस जवळजवळ निरुपयोगी असतो. गुण आंबटपणात नव्हताच. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पदार्थ ओळखला गेला आणि सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाला १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वेस्ट इंडीजचे ते लाइम म्हणजे आपल्या कागदी लिंबाचीच जात. मग आपले लिंबू कुचकामी समजायचे काय? मुळीच नाही. ताज्या लिंबात जीवनसत्त्व 'क' असतेच, आणि आपण काही फक्त लिंबावर जगत नाही. खरा घात झाला होता तो साठवण, हवा आणि उष्णता यांनी. लिंडचा पाकही त्यांनीच बिघडवला होता.

वर्गात आणि घरी

हा इतिहास मुलांना हाताने पडताळून पाहता येईल. तांदळाच्या पातळ पेजेत टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, निळा रंग येईल. त्यात लिंबाचा रस थेंबाथेंबाने घाला. जीवनसत्त्व 'क' आयोडीनला बदलते आणि रंग जातो. ताजा रस, बराच वेळ उकळून पाण्याने पूर्ववत केलेला रस, आठवडाभर उघडा ठेवलेला रस आणि तेवढेच आंबट व्हिनेगर: प्रत्येकाचे किती थेंब लागतात ते मुलांनी मोजावे. आंबटपणा आणि गुण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांना पाठ न करता कळेल. प्रीस्टलीचा प्रयोग करायचा तर व्हिनेगर आणि शहाबादी फरशीचा किंवा अंड्याच्या कवचाचा तुकडा घ्यावा. फळ्यावरचे आजचे खडू बहुधा जिप्समचे असतात, त्यांतून वायू निघत नाही. आणि वायू निघत असताना बाटलीचे तोंड कधीही बंद करू नये.

शेवटी संध्याकाळच्या पेल्याची कृती. दोन चमचे साखर आणि चिमूटभर मीठ थोड्या पाण्यात आधी विरघळवून घ्यावे. कोरडे मीठ-साखर सोड्यात टाकली तर त्यांच्या खडबडीत कणांवर बुडबुडे धरतात आणि सगळा वायू एकदम उतू जातो. सोडा अगदी गार असावा, कारण गार पाण्यात वायू जास्त विरघळून राहतो. तो शेवटी, पेला तिरका धरून कडेने ओतावा. कडवट चव आवडत असेल तर निम्मा सोडा आणि निम्मे टॉनिक घ्यावे. लिंबू मात्र आधी पिळून ठेवू नये. ते आयत्या वेळी चिरावे.